अनवाणी पायांनी ग्लासगो जिंकणारा मोहम्मद सलीम

युरोपातल्या क्लबकडून खेळलेला पहिला भारतीय फुटबॉलपटू कोण, असा प्रश्न विचारला तर आपल्या घरातली बहुतेक मुलं गप्प बसतील. मेस्सी आणि सलाह यांची सगळी कारकीर्द त्यांना पाठ असते. पण कलकत्त्याच्या मोहम्मद सलीम यांचं नाव आपणच त्यांना सांगितलेलं नसतं. म्हणून आज आम्ही त्यांच्याविषयी लिहीत आहोत.

सलीम यांचा जन्म १९०४ सालचा, कलकत्त्याच्या मटियाबुर्जमधला. अवधचं राज्य इंग्रजांनी खालसा केल्यावर नवाब वाजिद अली शाह यांनी जिथं आपली वस्ती उभारली, तोच हा भाग. सलीम यांचं घर साधं, बेताच्या परिस्थितीतलं. ते सात वर्षांचे असताना, १९११ मध्ये, मोहन बागानच्या संघाने गोऱ्या फौजी संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली. त्या संघातले जवळजवळ सगळे खेळाडू अनवाणी खेळले होते. बूट नसले तरी साहेबाला हरवता येतं, ही गोष्ट त्या दिवसापासून बंगालच्या पोरांच्या मनात पक्की बसली. सलीमही अनवाणीच खेळायला शिकले आणि शेवटपर्यंत तसेच खेळले.

ते उजव्या बाजूने खेळायचे. मधल्या फळीकडून चेंडू घ्यायचा, पायाच्या बोटांवर खेळवत बचाव चुकवायचा आणि गोलसमोर उभ्या असलेल्या साथीदाराला अचूक पोचवायचा, हे त्यांचं काम. गोल दुसऱ्याच्या नावावर लागायचा, पण त्यामागची मेहनत सलीम यांची असायची. वेगवेगळ्या क्लबांतून खेळत ते मोहम्मडन स्पोर्टिंगमध्ये आले. १९३४ मध्ये हा क्लब कलकत्ता लीगच्या पहिल्या श्रेणीत नुकताच पोचला होता आणि त्याच वर्षी त्याने लीग जिंकली. कुठल्याही भारतीय क्लबला तोवर हे जमलं नव्हतं. पुढे १९३८ पर्यंत सलग पाच वर्षं लीग मोहम्मडनकडेच राहिली. त्या यशाचा आनंद कलकत्त्यापुरता उरला नाही, देशभरातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत तो साजरा झाला.

१९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकला निघालेला चीनचा संघ वाटेत कलकत्त्यात खेळला. त्याच्याविरुद्ध सलीम यांचा खेळ पाहून इंग्लंडहून आलेले त्यांचे नातेवाईक हाशीम यांनी हट्टच धरला, की हा खेळ विलायतेने पाहिलाच पाहिजे. दोघं जहाजाने निघाले आणि कैरो, लंडन करत ग्लासगोला पोचले. तिथं सेल्टिक क्लबचे मॅनेजर विली मेली यांना हाशीम यांनी सांगितलं, की भारतातून एक मोठा खेळाडू आलाय, त्याची चाचणी घ्या. अडचण एवढीच, की तो बूट घालत नाही. व्यावसायिक खेळाडूंच्या त्या देशात ही गोष्ट हसण्यासारखीच होती. पण मेली यांनी संधी दिली आणि चाचणी पाहून सगळेच थक्क झाले.

सेल्टिकच्या राखीव संघाकडून सलीम दोन सामने खेळले. मैदानात उतरण्याआधी क्लबचे जिमी मॅकमेनेमी त्यांच्या पायांना पट्ट्या बांधत असल्याचं छायाचित्र आजही पाहायला मिळतं. हॅमिल्टन अकॅडेमिकलला सेल्टिकने ५-१ असं हरवलं आणि गॅल्स्टनला ७-१ असं. गॅल्स्टनविरुद्धच्या सातपैकी तीन गोल सलीम यांनी करून दिलेले होते. पेनल्टी मारायला सांगितली तेव्हा मात्र ते लाजले आणि नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिथल्या वर्तमानपत्रांनी या अनवाणी पायांचं भरभरून कौतुक केलं.

सेल्टिकला ते हवे होते. पण सलीम यांचं मन घराकडे ओढ घेत होतं. भाषा येत नव्हती, हवा परकी होती. इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. भारतात तेव्हा फुटबॉल हौशीच मानला जायचा, खेळून पोट भरत नसे. म्हणजे परत येताना ते नाव आणि पैसा दोन्ही मागे सोडून येत होते. कुटुंबात सांगितली जाणारी आठवण अशी, की त्यांच्यासाठी क्लबने मदतीचा सामना भरवून तिकिटांच्या पैशांतला वाटा देऊ केला, तेव्हा तो अनाथ मुलांना द्या, असं त्यांनी सांगितलं. सेल्टिक क्लबही मुळात ग्लासगोतल्या गरिबांच्या पोटाची सोय व्हावी म्हणूनच सुरू झाला होता. मटियाबुर्जच्या या पाहुण्याने क्लबला त्याची पहिली नियत आठवून दिली, असं आम्हाला वाटतं.

मायदेशी येऊन ते पुन्हा मोहम्मडनकडून खेळले आणि पुढची लीग विजेतेपदंही पाहिली. मग वय झालं, खेळ सुटला आणि नावही मागे पडलं. म्हातारपणी ते आजारी असताना त्यांच्या मुलाने सेल्टिकला पत्र लिहिलं, की उपचारांसाठी पैसे हवे आहेत. पुढे मुलानेच सांगितलं, की पैसा हे नुसतं निमित्त होतं. अब्बा तिथं कुणाला आठवतात का, एवढंच त्याला पाहायचं होतं. ग्लासगोहून उत्तर आलं, सोबत शंभर पौंडांचा ड्राफ्ट होता. दोन सामने खेळून गेलेल्या माणसाला क्लब विसरला नव्हता.

१९८० मध्ये सलीम यांचं निधन झालं. तो ड्राफ्ट मुलाने कधीच वटवला नाही, जपून ठेवला. परक्या मुलखाने ठेवलेली ही आठवण आपल्या घरातही राहावी. मुलं आज फुटबॉल पाहायला बसली, की त्यांना हे नाव नक्की सांगा.