लेव्ह व्हिगॉट्स्की : साहित्याभ्यासातून बालभाषेकडे

बालभाषेच्या मानसशास्त्रात लेव्ह व्हिगॉट्स्की यांचे नाव जाँ पियाजे यांच्या जोडीने घेतले जाते. मानसशास्त्राकडे वळण्यापूर्वी ते साहित्याचे अभ्यासक व अध्यापक होते, ही बाब मात्र चरित्रातील आरंभीचा तपशील म्हणून उल्लेखिली जाते आणि मागे पडते. वस्तुतः त्यांच्या भाषाविचाराची घडण समजून घ्यावयाची तर याच तपशिलापासून आरंभ करावा लागतो.

त्यांचा जन्म १८९६ साली आजच्या बेलारूसमधील ओर्शा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. बालपण गोमेल या गावी गेले. झारशाहीत ज्यू विद्यार्थ्यांना विद्यापीठात मोजक्याच जागा असत आणि १९१३ साली त्या सोडतीने भरल्या गेल्या. या सोडतीतून त्यांना मॉस्को विद्यापीठात प्रवेश मिळाला. तेथे त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. त्याच वेळी शान्याव्हस्की लोकविद्यापीठात इतिहास व तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला आणि शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’वर दीर्घ निबंध लिहिला. १९१७ नंतर गोमेलला परतून त्यांनी साहित्याचे अध्यापन केले, नाट्यसमीक्षा लिहिली. याच काळात त्यांना क्षयाने ग्रासले.

जानेवारी १९२४ मध्ये पेट्रोग्राड येथील परिषदेतील त्यांच्या व्याख्यानाने मानसशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले आणि मॉस्कोच्या मानसशास्त्र संस्थेत त्यांना पाचारण करण्यात आले. ‘कलेचे मानसशास्त्र’ हा त्यांचा १९२५ सालचा प्रबंध होता. नीतिकथा, कथा व शोकांतिका यांच्या वाचकावर होणाऱ्या परिणामाचा त्यात विचार आहे. हा प्रबंध १९६५ साली प्रसिद्ध झाला.

लहान मूल खेळताना स्वतःशीच बोलते. पियाजे यांनी १९२३ च्या ग्रंथात या बोलण्यास आत्मकेंद्री भाषण म्हटले आणि मूल समाजाभिमुख होत जाते तसे ते लोपते, असे प्रतिपादन केले. व्हिगॉट्स्की यांनी हे गृहीतक प्रयोगाने तपासले. चित्र काढणाऱ्या मुलास हवा तो कागद किंवा रंगीत पेन्सिल मिळणार नाही अशी योजना केली असता, आत्मकेंद्री भाषणाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. उलट, मुलास मूकबधिर किंवा परभाषी मुलांच्या सोबतीस ठेवले असता ते झपाट्याने घटले. पहिल्या निरीक्षणावरून हे बोलणे अडचणीतून वाट काढण्याचे साधन ठरते. दुसऱ्यावरून असे दिसते की, आपले बोलणे इतरांना समजते आहे या भावनेवरच ते तगून असते, म्हणजे त्याचे मूळ सामाजिक आहे. ते लोपत नाही, तर आत वळून अंतर्भाषण होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. भाषा प्रथम माणसामाणसांत असते आणि मागाहून एकाच्या मनात वस्तीस येते, हे त्यांच्या विचाराचे सूत्र होय.

हे अंतर्भाषण प्रत्यक्ष ऐकता येत नाही. त्याचे स्वरूप उलगडताना व्हिगॉट्स्की साहित्याकडे वळले. टॉलस्टॉय यांच्या ‘अ‍ॅना करेनिना’मध्ये लेव्हिन केवळ शब्दांची आद्याक्षरे लिहितो आणि किटीला त्याचे मनोगत कळते. विषय दोघांच्या मनात एकच असल्यास भाषा किती संक्षिप्त होऊ शकते, हे या प्रसंगातून त्यांनी दाखविले. स्टॅनिस्लाव्हस्की यांच्या नाट्यतालमीतील टिपणांवरून त्यांनी संवादामागील हेतूचा विचार केला. कादंबरीतील दोन प्रौढांचा प्रसंग बालमनाविषयीचा पुरावा ठरत नाही, हा आक्षेप येथे रास्त आहे. तथापि, प्रयोग जेथे थांबतो तेथून पुढे कोणता प्रश्न विचारावा, हे त्यांना साहित्याने सुचविले, हेही तितकेच खरे.

‘विचार आणि भाषा’ या ग्रंथाचे अखेरचे प्रकरण त्यांनी आजारपणात सांगून लिहवून घेतले. ११ जून १९३४ रोजी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ग्रंथ त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात, प्रकाशित झाला. १९३६ साली सोव्हिएत सत्तेने बालविकासशास्त्राच्या तत्कालीन शाखेवर बंदी घातली आणि त्यांचे लेखन सुमारे दोन दशके अडगळीत पडले. १९५६ साली ग्रंथाची पुनरावृत्ती निघाली, तर १९६२ साली संक्षिप्त इंग्रजी अनुवाद. या अनुवादाच्या निमित्ताने पियाजे यांनी आपल्यावरील टीकेस उत्तर दिले आणि आत्मकेंद्री भाषणातूनच अंतर्भाषण उद्भवते हे मान्य केले. ज्यांच्याशी हा वाद घालावयाचा, ते व्हिगॉट्स्की जाऊन तोवर पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता.