गुलाम एपिक्टेटस व त्याची शाळा

कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटल्या अध्यायांत हेरापली शहराचें नांव आलें आहे, तें वाचकांस ठाऊक असेलच. हल्लीं तुर्कस्तान देशांत त्याचे अवशेष दिसतात. त्याच शहरीं इ. स. 50 च्या सुमारास एपिक्टेटस जन्मला. या नांवाचा अर्थच मुळीं मिळविलेला असा आहे, व गुलामास तें साजेसेंच होतें. रोम शहरीं तो एपफ्रदीत नामक धन्याच्या घरीं होता. (फिलिप्पैकरांच्या पत्रांतील एपफ्रदीत तो हा नव्हे.) हा धनीहि एके काळीं गुलामच, परंतु पुढें निरो बादशहाचा चिटणीस होऊन बसला होता. त्यानें पीळ देऊन एपिक्टेटसाचा पाय मोडला, अशी जुनी आख्यायिका आहे. कोणी म्हणतात, तो बाळपणापासूनच अधू होता. कसेंहि असो, तो लंगडा होता. ज्याचा देहहि स्वतःच्या मालकीचा नाहीं, अशा मनुष्यानें आपलें म्हणावें तरी काय?

धन्याच्या परवानगीनें तो मुसोनियस रूफस या स्तोयिक गुरूकडे शिकला, कालांतरानें मोकळा झाला व स्वतः शिकवूं लागला. इतक्यांत डोमिशियन बादशहानें तत्त्वज्ञान्यांस रोममधून घालवून दिलें. तेव्हां तो निकपलीस गेला व तेथें त्यानें शाळा काढिली. पौलानें हिवाळा घालविण्याचें ठरविलें होतें, असें तीताच्या पत्रांत आहे, तेंच हें गांव असावें.

शाळेंत बहुधा सधन घरचे तरुण येत. मोठी जागा मिळेल कीं नाहीं, बादशहाची मर्जी राहील कीं नाहीं, या चिंतांनीं ते ग्रासलेले असत. त्यांस तो गवयाचा दाखला देई. घरीं एकटा असतां गवई निश्चिंतपणें गातो. सभेपुढें उभा राहिला कीं त्यास कांपरें भरतें. गळा तोच, वाद्यहि तेंच. मग भय कशाचें? त्यास नुसतें गावयाचें नसतें, लोकांची वाहवा हवी असते, आणि ती त्याच्या हातची नव्हे. पहिल्यानेंच उपदेशास उभे राहणाऱ्यांस हें कांपरें चांगलें परिचयाचें आहे!

आपलें मत, इच्छा व वर्तन एवढेंच आपल्या ताब्यांत. शरीर, धन, अधिकार व लौकिक हीं नाहींत, असें तो शिकवी. म्हणून हातावर हात ठेवून बसावें, असें मात्र त्याचें म्हणणें नव्हतें. जहाजानें जावयाचें तर तांडेल, खलाशी व दिवस नीट पारखून घ्यावा. मग तुफान झालें तर तें तांडेलाचें काम.

त्यानें स्वतः कांहीं लिहिलें नाहीं. आरियन नामक शिष्यानें टिपून घेतलेल्या भाषणांचे 4 भाग उरले आहेत, त्यांत एका चोरीची हकीकत आहे. खिडकीशीं आवाज ऐकून तो खालीं धांवला, तों लोखंडी दिवा नाहींसा झालेला. उद्यां मातीचा घ्यावा, असें म्हणून तो स्वस्थ झाला.

एका गोष्टींत मात्र त्याच्या मागें जाववत नाहीं. मूल मेलें तरी बापानें चित्त ढळूं देऊं नये, असें तो सांगे. लाजराच्या कबरेकडे जातांना प्रभु रडला, हें आपण कसें विसरावें? परंतु एपिक्टेटसाचें अंतःकरणहि दगडाचें नव्हतें. इ. स. 135 च्या सुमारास तो मरण पावला. तत्पूर्वीं बहुत वर्षें तो एकटाच राहत असे. एक मित्र दारिद्र्यामुळें आपलें तान्हें मूल टाकून देण्याच्या बेतांत होता; त्या काळीं तशी चालच होती. एपिक्टेटसानें तें मूल आपल्या घरीं आणिलें, त्यास सांभाळण्यासाठीं एक बाई ठेविली, आणि आपलें म्हणून वाढविलें.