गणितात तीनदा नापास, पण अॅम्बेसेडरपर्यंत पोहोचलेलं डोकं!

एम-थ्रीचा पेपर राहिलाय? टेन्शन जरा बाजूला ठेवा आणि अॅलेक इसिगोनिसला भेटा. नाव अनोळखी वाटेल, पण काम तुमच्या ओळखीचं आहे. सरकारी साहेबांची ती पांढरी अॅम्बेसेडर आठवते? नसेल तर बाबांना विचारा. ती मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. पुढच्या चाकांना पाट्यांऐवजी पीळ घेणारे पोलादी दांडे, म्हणजे टॉर्शन बार, आणि सोबत रॅक-पिनियन स्टिअरिंग. ही जोडी मॉरिसच्या गाड्यांत रुजवली ती या पठ्ठ्यानं.

अॅलेकचा जन्म १९०६ चा, तुर्कस्तानातल्या स्मर्ना शहरातला. वडील ग्रीक वंशाचे, पण ब्रिटिश नागरिक. जहाजांच्या इंजिनांशी संबंधित कारखाना त्यांचा. आई जर्मन. १९२२ मध्ये युद्धामुळे सगळं मागं टाकून कुटुंबाला जहाजानं माल्टा गाठावं लागलं. थोड्याच काळात वडील गेले. मायलेक लंडनला आले आणि पोरानं बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये नाव घातलं. ड्रॉइंगमध्ये एक नंबर, पण गणितात तीनदा नापास!

घरी बसून रडायचं सोडून त्यानं ऑस्टिन सेव्हन ही छोटी गाडी शर्यतीत पळवायला घेतली आणि तिच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये हात घातला. मग जॉर्ज डाउसन या मित्राला घेऊन एक आख्खी नवी शर्यतीची गाडी घडवायला बसला. नाव, लाइटवेट स्पेशल. नोकरी सांभाळून, हातानं काम करत करत ती १९३८ च्या सुमारास उभी राहिली. इंजिन ऑस्टिन सेव्हनचं. वेगळी चेसिस नाही. प्लायवूड आणि अॅल्युमिनियमचा पत्रा चिकटवून केलेली बॉडीच सगळा भार पेलायची. चारही चाकं स्वतंत्र आणि पोलादी स्प्रिंगच्या जागी चक्क रबर!

यात एवढं काय भारी? कोळशाच्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावरून बाइक नेता ना, तिथंच समजून घ्या. पुढची चाकं एकाच वेळी दोन कामं करतात. खड्ड्यात वर-खाली होतात आणि वळतातही. जुन्या गाड्यांत दोन्ही चाकं एकाच अॅक्सलवर असायची. एक उचललं की दुसरंही तिरकं व्हायचं. चाकं स्वतंत्र केली की हा त्रास जातो, पण नवा प्रश्न येतो. टाय रॉड आणि सस्पेन्शनचा आर्म दोन्ही कमानीत फिरतात. या कमानी जुळल्या नाहीत, तर स्टिअरिंग धरून ठेवलं तरी खड्ड्यात चाक आपोआप वळतं. यालाच बम्प स्टिअर म्हणतात. एका गाडीचा पुढचा भाग काढून दुसरीला बसवणाऱ्यांची गोची इथंच होते. बोल्ट बसतात, कमानी बसत नाहीत.

इसिगोनिस नोकरीतही याच कामावर होता. आधी हंबर कंपनीत आणि १९३६ पासून मॉरिसमध्ये. १९४८ मध्ये त्याची मॉरिस मायनर आली, टॉर्शन बार आणि रॅक-पिनियनसकट. त्याआधीचा किस्सा भन्नाट आहे. नमुना गाडी तयार झाली, पण ती त्याला अरुंद वाटली. त्यानं ती लांबीत कापायला लावली, दोन भाग सरकवून पाहिले आणि मध्ये ४ इंच वाढवले. म्हणूनच मायनरच्या बॉनेटवर मधोमध एक पट्टी दिसते. १० लाखांचा आकडा गाठणारी ही पहिली ब्रिटिश गाडी. आपल्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' ही छोटी गाडी घडवायला घेतली तीही १९४० च्या दशकातच. ती बाजारात पोहोचली नाही, हे आपलं दुर्दैव.

पुढे सुवेझच्या संकटात पेट्रोल महागलं आणि कंपनीला छोटी गाडी हवी झाली. १९५९ मध्ये इसिगोनिसनं मिनी आणली. लांबी फक्त १० फूट, चाकं १० इंची, इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्याच खाली. सस्पेन्शनला अॅलेक्स मोल्टननं बनवलेले रबरी कोन. लाइटवेट स्पेशलमधलं रबर वीस वर्षांनी लाखो लोकांच्या गाडीत आलं! आज तुमच्या कॉलनीतल्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवंच असतं.

पण त्याला देव करू नका. तो हट्टी होता. गिऱ्हाइकाला काय हवं हे विचारणं त्याला पटायचं नाही. साठीच्या दशकाच्या शेवटी कंपनीनं त्याला बाजूला सारलं आणि मिनीच्या जागी आखलेली त्याची नवी गाडी कधी रस्त्यावर आलीच नाही. १९६९ मध्ये तो 'सर' झाला, १९७१ मध्ये निवृत्त झाला आणि १९८८ मध्ये गेला.

गणित सोडून द्या, असा याचा अर्थ काढू नका हं! नापास झाला तरी कमानी जुळवणं त्याला चुकलं नाही. कागदावर नाही तर लोखंडावर तो ते शिकला. तुमची टीम बाजाची बग्गी बनवत असेल, तर रॅक वेल्डिंग करण्याआधी एक काम करा. स्प्रिंग काढा, चाक हातानं पूर्ण वर-खाली करा आणि ते किती वळतं ते टेपनं मोजा. तासाभराचं काम आहे. आणि हो, घरच्या गाडीवर हे प्रयोग नकोत; रस्त्यावरच्या गाडीत असे बदल करायला कायदा आडवा येतो.