आचार्य धर्मानंद कोसंबी : परभाषेतून स्वभाषेकडे

गोव्यातील साखवाळ या लहानशा गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण बेताचेच झाले. पुढे वाट्यास आली ती घरच्या नारळाच्या बागांची देखरेख. ‘बालबोधमेवा’ या मराठी मासिकात त्यांनी बुद्धचरित्र वाचले आणि हा धर्म मुळातून जाणून घेण्याचा ध्यास त्यांच्या मनाने घेतला.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले, तेव्हा मागे तरुण पत्नी आणि तान्ही मुलगी होती. त्यांच्या ज्ञानसाधनेचे मोल या दोघींनीही मोजले, हे विसरता येत नाही. पुणे, ग्वाल्हेर असा प्रवास करीत ते काशीस पोहोचले आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. परंतु बुद्धाने ज्या भूमीत धर्म सांगितला, तेथेच पाली शिकविणारा गुरू मिळणे दुर्लभ झाले होते.

म्हणून १९०२ मध्ये ते सिंहलद्वीपास गेले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या चरणांशी बसून त्यांनी पालीचे अध्ययन केले आणि श्रामणेर दीक्षा घेतली. पालीला स्वतःची वेगळी लिपी नाही. सिंहलात ती सिंहली अक्षरांत लिहिली जाते, ब्रह्मदेशात तेथील अक्षरांत. पंचविशी उलटलेल्या या विद्यार्थ्याला पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागला, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

१९०६ मध्ये ते परतले आणि कलकत्त्यास पाली शिकवू लागले. मात्र हे ज्ञान आपल्या मराठी बांधवांपर्यंत पोहोचावे, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले, तेव्हा अधिक वेतनाची कलकत्त्याची नोकरी त्यांनी सोडली.

१९१० मध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. कोणतीही पदवी नसलेला हा पंडित तेथे चार वेळा गेला. पुढे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि रशियातील लेनिनग्राड येथेही अध्यापन केले. परदेशांतील समाजजीवन पाहून त्यांची दृष्टी विस्तारली. धर्मचिंतनाला समाजचिंतनाची जोड मिळाली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावासही सोसला.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले. तत्पूर्वी, १९४० मध्ये, परक्या लिप्यांत वाचलेला तोच ‘विसुद्धिमग्ग’ त्यांनी देवनागरीत उपलब्ध करून दिला होता. ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ तर मराठीतच लिहिला. आणि जिला तान्ही असताना मागे ठेवून ते निघाले होते, त्या मुलीला १९१८ मध्ये त्यांनी आपल्यासोबत अमेरिकेस नेले. तेथील रॅडक्लिफ महाविद्यालयातून ती पदवीधर झाली.