तोफेचे पोर आणि त्याचा धनी

खंडेनवमीला घरातील आयुधे खाली काढली जातात, त्यांवरची वर्षाची धूळ पुसली जाते आणि पाटावर मांडून त्यांना गंधफूल वाहिले जाते. शेतकऱ्याचा फाळ, सुताराचा रंधा, लेखनिकाची लेखणी आणि एखाद्या जुन्या घराण्यात खुंटीला राहिलेली ठासणीची बंदूक, ही सारी त्या दिवशी एकाच पंक्तीला बसतात. हे पूजन पाहताना विचारी माणसाच्या मनात एक प्रश्न सहज उभा राहतो. थोरवी आयुधाची, की ते धरणाऱ्या हाताची? आणि ज्या हाताने आयुष्यभर केवळ संहार केला, त्याच हाताकडून कधी रक्षणही घडू शकते काय? या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या चरित्रात शोधावे, असा एक पुरुष गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात होऊन गेला. सर सॅम्युएल व्हाइट बेकर हे त्याचे नाव. नाईल नदीच्या उगमप्रदेशातील आल्बर्ट सरोवराचा शोधक म्हणून भूगोलात त्याची नोंद आहे. परंतु आपण त्याच्या कथेचा आरंभ सरोवरापासून न करता त्याच्या बंदुकीपासून करू.

सॅम्युएलचा जन्म 8 जून 1821 रोजी लंडनमध्ये झाला. घराणे गर्भश्रीमंत. जहाजे, पेढी आणि मॉरिशस व जमेका बेटांवरील उसाचे मळे अशी त्याच्या पित्याची संपत्ती होती. त्या काळी जमेकेतील उसाचे मळे गुलामांच्या घामावर पिकत, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण पुढे या कथेला जे वळण लागले, त्याच्याशी तिचा संबंध आहे. मुलगा धिप्पाड, बलदंड आणि पुस्तकापेक्षा रानात रमणारा निघाला. काही शिक्षण इंग्लंडात आणि शेवटचे जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथे, असे त्याचे विद्यार्जन झाले. मात्र एका शास्त्रात त्याची बुद्धी लहानपणापासून स्वतंत्रपणे चाले, ते म्हणजे बंदुकीचे शास्त्र.

वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे 1840 साली, त्याने ब्रिस्टल येथील गिब्ज या बंदूक बनविणाऱ्याकडून स्वतःच्या आराखड्याप्रमाणे एक बंदूक घडवून घेतली. तिची मापे ऐकून त्या धंद्यातील जाणते लोक चकित झाले. वजन 21 पौंड, म्हणजे साडेनऊ किलोग्रॅमच्या आसपास. नळीची लांबी 36 इंच. गोळी तीन औंस वजनाची, आणि एका बाराला दारू 16 ड्रॅम, म्हणजे पुरता एक औंस. गोळीच्या वजनाच्या एकतृतीयांश दारू! एवढी दारू ठासणे हा वेडेपणा आहे, असे जुन्या कारागिरांचे मत होते. परंतु तरुणाचा तर्क शुद्ध होता. गोळीचा आघात तिच्या वेगावर अवलंबून. वेग दारूतून उत्पन्न होणाऱ्या वायूच्या प्रमाणावर अवलंबून. तेव्हा दारू वाढविल्यावाचून बळ येणार नाही. आणि दारू वाढविली की नळी जाड हवी आणि बंदूक जड हवी, नाहीतर तिचा धक्का मारणाऱ्यालाच लोळवील. एकातून एक असे निघत गेलेले हे अनुमान होते.

आता ठासणीच्या बंदुकीची रीत ज्यांनी पाहिलेली नाही, अशा तरुण वाचकांसाठी थोडे विवेचन करणे अवश्य आहे. या बंदुकीत आजच्यासारखे मागून काडतूस भरत नाहीत. नळीच्या तोंडातून आधी मोजून दारू ओतावयाची, तिच्यावर गोळी ठेवावयाची आणि लांब गजाने ती तळापर्यंत ठासावयाची. मग मागच्या बाजूच्या छिद्रयुक्त बोंडीवर तांब्याची लहानशी टोपी बसवावयाची. चाप ओढला की घोडा त्या टोपीवर आपटतो, टोपीतील स्फोटक पेटते, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. त्यात सुमारे तीनचतुर्थांश भाग सोऱ्याचा. इंग्लंडला लागणारा सोरा त्या काळी प्रामुख्याने आपल्या हिंदुस्थानातून, विशेषतः बिहार प्रांतातून जात असे. ब्रिस्टलच्या बंदुकीचा आवाज असा एका अर्थी गंगाकाठच्या मातीतूनही निघत होता.

साध्या नळीतून सुटलेली वाटोळी गोळी दूर गेल्यावर भरकटते. ती सरळ जावी म्हणून नळीच्या आतून नागमोडी वळत जाणाऱ्या पन्हळी कोरतात; त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि नेम साधतो. पण दारू फार झाली तर मऊ शिशाची गोळी त्या पन्हळींना न जुमानता तशीच घसरत बाहेर पडते. यासाठी बेकरच्या बंदुकीच्या नळीत दोनच खोल पन्हळी होत्या, आणि गोळीच्या कमरेला पट्ट्यासारखी एक उंच कड ओतलेली होती. ती कड पन्हळींत बसली की गोळीला घसरण्यास वाव राहत नसे. मोठ्या जनावरासाठी गोळी कठीण हवी म्हणून बेकर शिशात पारा मिसळी. नऊ भाग शिसे, एक भाग पारा. मोठ्या भांड्यातील तापलेल्या शिशात पारा ओतला तर तो उडून जातो. म्हणून एका वेळी पळीभर रस घेऊन त्यात पारा घालावयाचा, चटकन ढवळावयाचे आणि तीनचार गोळ्या ओतून घ्यावयाच्या, अशी त्याची रीत त्याने स्वतः लिहून ठेविली आहे. या बारकाव्यांतून त्याच्या स्वभावाची ओळख पटते. साहस त्याच्या ठायी होते, पण ते आंधळे नव्हते. प्रत्येक साहसाच्या मागे मोजमाप असे.

1843 साली त्याचा विवाह हेन्रिएटा या धर्मोपदेशकाच्या कन्येशी झाला. काही काळ मॉरिशसमध्ये घालवून 1846 मध्ये तो सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेला. तेथे नुवारा एलिया या सहा हजार फुटांहून उंच अशा थंड पठारावर त्याने 1848 साली वसाहत उभारली. इंग्लंडहून जनावरे, अवजारे, माणसे नेली आणि शेती आरंभिली. त्या काळी हत्ती पिकांचा नाश करतो म्हणून त्याला मारणाऱ्यास सरकार बक्षीस देत असे. बेकरने तेथे किती गजराज धुळीस मिळविले याची त्याची वर्णने आज वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो कौतुकाचा असतोच असे नाही. बुद्धिमान, कुटुंबवत्सल, आपल्या मृताभोवती घुटमळणारा तो प्राणी. आणि त्याच्या कपाळावर येऊन आदळणारी तीन औंसांची पोलादासारखी गोळी! चरित्रकाराने नायकाचे हे अंग झाकून ठेवू नये.

दैवाने त्यालाही आघात दिला. सिलोनमध्ये आजाराने तो खंगला. 1855 साली कुटुंब युरोपात परतले आणि त्याच वर्षाच्या 29 डिसेंबरला फ्रान्समध्ये हेन्रिएटा विषमज्वराने निवर्तली. चौतिसाव्या वर्षी चार मुलींचा बाप विधुर झाला. मुली बहिणीच्या स्वाधीन करून तो दिशाहीन भटकू लागला. हातात बंदूक होती. पण ती कशासाठी, हे त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते.

याच भटकंतीत त्याच्या आयुष्याला कलाटणी मिळाली, आणि तिचा एक धागा आपल्या देशाशी जोडलेला आहे. पंजाबचे अखेरचे महाराज दुलीपसिंग राज्य गमावून इंग्लंडात राहत होते. त्यांच्यासमवेत बेकर डॅन्यूब नदीतून शिकारीच्या प्रवासास निघाला. नदीतील बर्फामुळे नौकेची नादुरुस्ती झाली आणि मंडळी तुर्की अमलाखालील विदिन या गावी अडकून पडली. तेथे गुलामांचा बाजार भरे. 1859 च्या आरंभी त्या बाजारात बेकरने एक तरुण मुलगी पाहिली. ट्रान्सिल्व्हेनियात जन्मलेली, युद्धाच्या धामधुमीत आईबापांना मुकलेली फ्लॉरेन्स. तेथील पाशाने अधिक बोली लावली, तेव्हा बेकरने पहारेकऱ्यांना वश करून तिला रातोरात पळवून नेले, असे सांगितले जाते. राज्य गमावलेला राजा, घर गमावलेला शिकारी आणि स्वातंत्र्य गमावलेली मुलगी, अशी तीन माणसे त्या नदीकाठी दैवाने एकत्र आणली होती. ज्याच्या घराण्याचे वैभव काही अंशी गुलामांच्या श्रमावर उभे होते, त्याने बाजारात मांडलेल्या एका जीवाचा हात धरला, आणि तो हात मरेपर्यंत सोडला नाही.

1861 साली दोघे नाईलच्या उगमाच्या शोधार्थ निघाली. सामानात अनेक बंदुका होत्या. त्यांत लंडनच्या हॉलंडने घडविलेली एक विलक्षण एकनळी होती. 20 पौंड वजनाची ही बंदूक अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा फेकी. बेकर तिला थट्टेने बेबी म्हणे. अरब सोबत्यांनी मात्र तिचे नाव तोफेचे पोर असे ठेविले होते. बार उडताच धिप्पाड बेकरही वाऱ्यावरच्या दिशादर्शकासारखा गर्रकन फिरे. आपल्याच बंदुकीची त्याला धास्ती वाटे! अनेक वर्षांत त्याने ती सुमारे वीस वेळाच उडविली. महिनोगणती भरून राहिलेली नळी साफ करण्यासाठी चाकरांना बार काढू दिला, की मारणारा आणि त्याला पाठीमागून टेकू देणारा असे दोघेही उताणे पडत आणि बंदूक त्यांच्याही मागे काही हात जाऊन पडे. एकोणिसाव्या वर्षी ज्याने बळाला सीमा मानली नाही, त्याला चाळिशीत बळाची सीमा या पोराने शिकविली.

खार्टूमला पोहोचल्यावर त्याने जे पाहिले ते भयंकर होते. हस्तिदंताचा व्यापार हे वरचे नाव. आत गावे जाळणे, गुरे लुटणे आणि स्त्रीपुरुषांना साखळदंडात बांधून विकणे. हत्तीचा दात आणि माणसाची मान एकाच दोरीत बांधली जात होती. 1863 च्या फेब्रुवारीत गोंडोकोरो येथे स्पीक आणि ग्रँट हे शोधक त्याला भेटले आणि पुढे आणखी एक सरोवर असल्याची वार्ता त्यांनी दिली. दोघे पुढे निघाली. ज्वर, उपासमार, सोबत्यांचे बंड, सारे भोगले. बुन्योरोच्या राजाच्या नावाने वावरणाऱ्या पुरुषाने फ्लॉरेन्सला मागे ठेवण्याची मागणी केली, तेव्हा बेकरने पिस्तूल त्याच्या छातीवर रोखले. त्या क्षणी जे कामी आले ते तीन औंसांचे किंवा अर्ध्या पौंडाचे आयुध नव्हते. लहानसे पिस्तूल होते, आणि ते उडवावेही लागले नाही. पुढे काफू नदी ओलांडताना फ्लॉरेन्सला उन्हाची झळ लागून ती कोसळली. दिवसच्या दिवस ती बेशुद्ध होती. चाकरांनी तिची कबर खणण्यासाठी कुदळीला नवा दांडाही बसविला होता. त्या प्रसंगी कोणतीही बंदूक त्याच्या उपयोगी नव्हती. तो केवळ तिच्या उशाशी बसून राहिला. ती शुद्धीवर आली, आणि 14 मार्च 1864 रोजी दोघांनी आल्बर्ट सरोवराचे पाणी पाहिले.

1865 मध्ये स्वदेशी परतल्यावर दोघांचा विधिपूर्वक विवाह झाला. भूगोल संस्थेचे सुवर्णपदक आणि 1866 साली सर ही पदवी त्याला मिळाली; परंतु व्हिक्टोरिया राणीने फ्लॉरेन्सला दरबारात कधीच येऊ दिले नाही. 1869 मध्ये इजिप्तच्या खेदिव इस्माइलने गुलामांचा व्यापार मोडण्यासाठी त्याला सुमारे 1700 लोकांनिशी वरच्या नाईलवर पाठविले. फ्लॉरेन्स, जी स्वतः त्या बाजारातून आली होती, याही वेळी त्याच्याबरोबर होती. 1873 पर्यंत त्याने अनेक टोळ्या मोडल्या, बंदिवानांच्या बेड्या तोडल्या. तथापि सत्य पुरते सांगावयाचे तर या मोहिमेचा दुसरा हेतू खेदिवचे राज्य वाढविणे हाही होता. बुन्योरोचा तरुण राजा काबालेगा याच्याशी 1872 च्या जूनमध्ये मासिंदी येथे युद्ध झाले, गावे जळाली आणि बेकरला माघार घ्यावी लागली. गुलामांचा व्यापार त्याच्या पाठीमागे पुन्हा डोके वर काढता झाला. बळाने बेडी तुटते. लोभ मात्र बळाने तुटत नाही.

पुढील आयुष्य त्याने डेव्हन परगण्यात काढले. हिंदुस्थानातही तो अनेकदा आला, वाघांची शिकार केली, आणि 1890 साली वन्य पशूंवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. 30 डिसेंबर 1893 रोजी हृदयविकाराने त्याचे देहावसान झाले. फ्लॉरेन्स 1916 पर्यंत जगली. तोवर ठासणीच्या बंदुका खुंटीला लागल्या होत्या. मागून भरण्याच्या बंदुका आणि धूररहित दारू यांनी त्यांची जागा घेतली होती. त्याने ज्या धबधब्याला मर्चिसन हे नाव दिले, त्याच्या भोवती आज युगांडाचे राष्ट्रीय उद्यान आहे, आणि तेथे हत्तीला राखण्यासाठी रक्षक शस्त्र घेऊन उभे असतात. आयुध तेच; हेतू फिरला.

वाचकहो, पाटावर मांडलेल्या लोखंडाला स्वतःचे पापपुण्य नसते. बेकरच्या हातून सिलोनमध्ये जे घडले त्याचा हिशेब त्याच्याच खात्यावर राहील, आणि विदिनच्या बाजारात जे घडले त्याचाही. परंतु त्याने आयुष्यात साधलेला सर्वांत थोर नेम कोणता, असे विचारले, तर उत्तर एकच आहे. तो बंदुकीने साधलेला नव्हता. आज आपापल्या आयुधाला गंध लावताना, ते धरणाऱ्या आपल्या हाताकडेही क्षणभर पाहावे.