काळाच्या पुढचा प्राध्यापक

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथ यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. या कार्यापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकपदावर पाणी सोडावे लागले. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून त्यांनी लैंगिक अज्ञानावर अखंड प्रहार केले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी बाजू मांडूनही दंड चुकला नाही. पत्नी मालतीबाईंनी मात्र साथ सोडली नाही. १९५२ मध्ये सरकारनेच कुटुंबनियोजन स्वीकारले. पुढच्याच वर्षी कर्वे निवर्तले. २००१ मध्ये अमोल पालेकरांनी 'ध्यासपर्व' हा चित्रपट काढून त्यांचे ऋण मान्य केले. परंतु पडद्यापुढे हळहळणे सोपे. वर्गात फळ्यापुढे उभे राहून तोच विषय निःसंकोचपणे शिकवणे, हीच त्या ऋणाची खरी फेड होय.