खर्च म्हैसूरचा, कॉलेज पुण्याचं आणि पोस्टिंग खानदेशात : विश्वेश्वरय्यांच्या इंजिनिअरिंगची गोष्ट

दर 15 सप्टेंबरला इंजिनिअर्स डेचे स्टेटस पडतात. फेटेवाल्या सर विश्वेश्वरय्यांचा फोटो, खाली धरणाचा फोटो, विषय संपला. पण त्यांनी इंजिनिअरिंग केलं ते आपल्या पुण्यात, आणि ती डिग्री त्यांच्या हातात पडणं सोपं नव्हतं.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मूळचे म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचे. वडील संस्कृतचे पंडित, म्हणजे घरात विद्या भरपूर आणि पैसा बेताचा. शाळेत असतानाच वडील गेले. मग बंगळूरला मामांचा आधार घेतला आणि दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेत सेंट्रल कॉलेजमधून 1881 साली बी.ए. केलं.

पुढे काय? इंजिनिअर व्हायचं तर म्हैसूर संस्थानात तसं कॉलेजच नव्हतं. बाहेर जाऊन शिकायचं तर खिशात पैसे नव्हते. त्याच वर्षी इंग्रजांनी संस्थानाचा कारभार परत वाडियार राजांकडे सोपवला होता आणि रंगाचारलू दिवाण झाले होते. या नव्या सरकारने त्यांना स्कॉलरशिप दिली आणि पोरगं पुण्याला आलं.

हे कॉलेज म्हणजे आजचं सीओईपी. 1854 साली सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसं तयार करून देण्यासाठी ते सुरू झालं होतं. विश्वेश्वरय्या आले तेव्हा त्याला कॉलेज ऑफ सायन्स म्हणायचे आणि प्रिन्सिपल होते डॉ. थिओडोर कुक. हा माणूस शिकवायचा इंजिनिअर लोकांना, पण पुढे नाव झालं ते मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवर लिहिलेल्या ग्रंथामुळे !

तेव्हा बी.ई. नव्हतं. मुंबई विद्यापीठ सिव्हिलसाठी एल.सी.ई. ही पदवी द्यायचं. पास तर बरेच जण व्हायचे, खरा खेळ नंबराचा होता. वर नंबर आला तर सरकारी नोकरीचा रस्ता मोकळा. स्कॉलरशिपवर शिकणाऱ्या, घरून काहीच पाठबळ नसलेल्या पोरासाठी दुसरा पर्याय काय होता?

1883 च्या परीक्षेत ते पहिले आले. जेम्स बर्कले बक्षीसही त्यांनाच मिळालं. हे बर्कले म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वे बांधणारे जीआयपीचे चीफ इंजिनिअर. या निकालाच्या जोरावर 1884 मध्ये विश्वेश्वरय्या थेट मुंबई सरकारचे असिस्टंट इंजिनिअर झाले. वय जेमतेम बावीस-तेवीस.

सुरुवात नाशिकला झाली, मग खानदेश. धुळ्याकडे दातर्तीला पाटाचं पाणी ओढ्यापलीकडे न्यायचं होतं, तेही ऐन पावसाळ्यात. नव्या साहेबाने तिथं पाइपचा सायफन बसवून दाखवला.

थोडक्यात काय, तर शिक्षणाचा खर्च म्हैसूरने केला आणि साधारण पंचवीस वर्षं त्याचं फळ खाल्लं मुंबई इलाख्याने. 1903 मध्ये खडकवासल्याला बसवलेले आपोआप उघडणारे दरवाजे त्यातलेच. धरणाची उंची न वाढवता त्यात जास्त पाणी साठवायची सोय त्यांनी केली. ज्या पुण्यात शिकले त्याच पुण्याला पाणी वाढवून दिलं.

म्हैसूरची परतफेड उशिरा झाली, पण झाली. 1909 मध्ये ते तिथे चीफ इंजिनिअर म्हणून गेले आणि 1912 मध्ये दिवाण झाले. कृष्णराजसागर धरणाबद्दल सगळेच बोलतात. पण 1917 साली, ते दिवाण असताना, बंगळूरला इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं. त्यामुळे म्हैसूरच्या पोरांना सिव्हिल शिकायला घर सोडून पुण्या-मद्रासला जायची गरज उरली नाही. ते कॉलेज आजही चालू आहे आणि नाव त्यांचंच आहे, युनिव्हर्सिटी ऑफ विश्वेश्वरय्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग.